आधी वारा, मग अंतर

पहाटे ४.३०

उठल्यावर पहिलं काम म्हणजे गच्चीवर जायचं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आहे, चादर अंगावर घेतल्याशिवाय बाहेर उभं राहवत नाही. आमच्या पूर्व भागात या वेळी यंत्रमागांचा खडखडाट सुरू झालेला असतो. गच्चीच्या दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलांकडे पाहिलं की वाऱ्याचा अंदाज येतो. आज टॉवेल पश्चिमेकडे झुकलेत. म्हणजे वारा पूर्वेचा, थोडा ईशान्येकडून. हिवाळ्यात सोलापुरात बहुधा तो असाच असतो. आषाढात उलटा, पश्चिमेचा, आणि इतका जोराचा की उभी सायकल धरून ठेवायलाही ताकद लागते.

सायकलवरून लांब फिरणाऱ्यांना वाट आखून द्यायची आणि त्या वाटेने त्यांना नेऊन आणायचं, हे माझं हिवाळ्यातलं काम. नकाशा उघडला की बहुतेक जण किलोमीटर मोजू लागतात. मी अंतर सगळ्यात शेवटी बघतो. आधी वारा, मग पाणी, मग सावली, मग रस्त्यावरची वाहनं. आमच्या माळरानात पाचवाही हिशेब असतो, त्या वाटेवर आधीपासून राहणाऱ्या प्राण्यापक्ष्यांचा. हे पाच जमले की अंतराची फारशी चिंता राहत नाही.

आजची वाट साधी आहे. सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नज, तिथून वडाळ्याच्या बाजूची शेतं, मग मार्डी आणि परत. साठ-पासष्ट किलोमीटर भरतील. सोबत सहा जण आहेत. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की त्यांना कोकण किनाऱ्याने सायकलवर जायचं आहे. आजचा दिवस त्याच्या तयारीचा.

पिशवीत कडक भाकरी, शेंगा चटणी, गूळ आणि केळी. कडक भाकरी आणि शेंगा चटणीइतकं सायकलस्वाराच्या सोयीचं अन्न मला अजून सापडलेलं नाही. दोन्ही कोरडी, वजनाला हलकी, चार दिवस न विटणारी. शिवाय चटणीत मीठ असतंच, ते घामावाटे गेलेलं भरून काढतं. पाण्याच्या दोन बाटल्या सायकलला, एक जास्तीची कॅरिअरच्या बॅगेत. थंडीत तासाला अर्धा-पाऊण लिटर पुरतं. एप्रिलमध्ये हेच एक लिटरच्या वर जातं आणि पारा बेचाळीसवर चढतो, म्हणून मार्चनंतर दिवसभराच्या सफरी मी घेतच नाही.

पहाटे ५.३०

चार हुतात्मा चौकात सगळे जमलेत. बँकेतून निवृत्त झालेले काका, महाविद्यालयात शिकवणाऱ्या दोन मॅडम, एक तरुण डॉक्टर, चादरींचा व्यापार करणारे शेठ आणि त्यांचा पुण्यात शिकणारा भाचा. भाचा पहिल्यांदाच आलाय. त्याने पुतळ्यांकडे बोट करून विचारलं, तेव्हा काकांनीच सांगितलं : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघांना फाशी दिली. ब्रिटिशांचा मार्शल लॉ पाहिलेलं हे शहर आहे. प्रत्येक सफर याच चौकातून सुरू व्हावी असा माझा आग्रह असतो.

मग सायकली तपासायच्या. चाक फिरवून ब्रेक घासतोय का बघायचं, चेनला तेल आहे का, सीटची उंची बरोबर आहे का, मागचा लाल दिवा लागतोय का. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवायला सांगतो. पुढच्या रस्त्याला खडी उघडी पडलेली आहे, घट्ट टायर तिथे मनगटं आणि कंबर दोन्ही खिळखिळी करतो. भाच्याच्या सायकलीला प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे. गावातल्या दुकानातला पंप त्याला बसत नाही आणि सातशे मापाची ट्यूब तर तिथे मिळतच नाही. त्याच्यापाशी दोन्हीची सोय नव्हती. माझ्या बॅगेतला पितळी अडॅप्टर आणि एक ट्यूब त्याला दिली.

निघण्यापूर्वी एकच गोष्ट मी दोनदा सांगतो. हे दिवस गाळपाचे. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि रस्त्यावर रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, वर उसाची मोळी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, मागे बहुधा दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तरी पाल्याखाली झाकलेला. ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली असतात की आपली घंटा चालकाला ऐकू जाणं शक्य नाही. तेव्हा मागून किंवा पुढून ट्रॅक्टर आला की वाद घालायचा नाही, साइडपट्टीवर उतरायचं, पाय टेकायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. त्या चालकाचाही दोष नसतो. बारा-चौदा तास गाडी चालवून कारखान्याच्या रांगेत उभा राहायला निघालेला तो माणूस असतो.

सकाळी ६.००

शहर संपायला वेळ लागत नाही. एके काळी या वेळेला सोलापूरच्या रस्त्यांवर सायकलीच सायकली असत. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, पुढे आणखी झाल्या आणि पाळीचा भोंगा वाजला की कामगारांच्या सायकली निघत. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, सायकली माळ्यावर गेल्या. आता सकाळी सायकलवर दिसतात ते पेपर टाकणारे, दूधवाले आणि आमच्यासारखे हौशी.

अंधारात रस्ता उत्तरेकडे जातो आणि वारा उजव्या खांद्यावर येतो. आज शिकवायचं आहे ते हेच. सोलापूरच्या आसपास चढ फारसे नाहीत, त्यामुळे नवा माणूस म्हणतो, सपाट आहे, सोपं आहे. पण घाट डोळ्यांना दिसतो, त्याचा माथा दिसतो, आणि तो आला की उतार मिळतो. वाऱ्याला माथा नसतो. पाच-सहा तास तो एकाच बाजूने ढकलत राहतो आणि माणूस कशामुळे दमला हे त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून एकामागोमाग जाताना मागच्याने पुढच्याच्या अगदी पाठीमागे न राहता किंचित डावीकडे सरकून चालवायचं. वारा उजवीकडून येतोय, त्याचा आडोसा डावीकडे पडतो. दर दहा मिनिटांनी पुढचा मागे जाईल, दुसरा पुढे येईल. डॉक्टरांना हे लगेच जमलं. शेठ आपलं घोडं दामटत पुढेच राहिले, तेव्हा मॅडमनी आवाज दिला, “शेठ, थोडं आमच्यासाठी पण राखा की!” मग आले मागे.

सकाळी ७.००

कारंब्याच्या पुढे उजाडलं. उसाचे आणि ज्वारीचे पट्टे विरळ होत गेले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत सुरू झालं. चहाच्या टपरीवर थांबलो. घोंगडी पांघरलेले एक धनगर आजोबा शेकोटीशी बसले होते, त्यांची मेंढरं पलीकडे जाळ्याच्या वाघरात.

“कुठं निघालाव एवढ्या थंडीचं?”

“माळावर, आजोबा. बघायला.”

“बघा की. रातच्याला लांडगं वरडत हुतं हिकडं.” त्यांनी हाताने वायव्येची बाजू दाखवली.

हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. लांडगा मेंढरू उचलतो, आणि तरी लांडग्याची बातमी ते पाहुण्याला शेजाऱ्याची सांगावी तशी सांगतात. या माळावर धनगर, मेंढी, लांडगा आणि काळवीट एकत्र राहत आले आहेत. माणूस आला की जंगल संपलं, हे गणित इथे लागू पडत नाही. मेंढ्या चरून गेल्यामुळे गवत बेताचं राहतं आणि उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्यांना तसंच गवत लागतं. चराई बेसुमार झाली तर मात्र जमीन उघडी पडते. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण त्या आजोबांना कुठल्याही अहवालापेक्षा चांगलं कळतं असं माझं मत आहे.

सकाळी ७.३०

नान्नज. वनखात्याच्या चौकीवर नोंद केली, सायकली तिथेच कुलूप लावून ठेवल्या आणि वनरक्षकांसोबत पायी आत निघालो. सायकल आत न्यायची नाही. परवानगी मिळाली असती तरी मी नेली नसती. रुंद टायरच्या नव्या सायकली कुठेही जातात आणि कुठेही जातात हाच त्यांचा धोका. इथे पक्षी अंडी घालतात ती जमिनीवर, उघड्यावर. माळटिटवीचं अंडं मातीतल्या खड्यांमध्ये एक हातावर असलं तरी दिसत नाही.

१९७० च्या दशकात सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोक पक्ष्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्या वेळी त्याचं क्षेत्र होतं जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात गावं होती, शेतं होती, तालुक्याची ठिकाणं होती. लोकांना घर बांधायला, विहीर काढायला, जमीन विकायला अडचणी येऊ लागल्या आणि पक्ष्याविषयीचा राग वाढत गेला. पुढे हे क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. माझ्या मते पहिली चूक आकड्याची होती. कागदावर सगळंच राखीव केलं आणि प्रत्यक्षात गवताचे तुकडे राखायचे राहून गेले.

माळढोक दिसेल असं मी कुणालाही सांगत नाही. तो इथे येत असे तो पावसाळ्यात, विणीसाठी. नर मानेखालची पिशवी फुगवून उंच जागी उभा राहतो आणि त्याचा घुमारा लांबवर ऐकू जातो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. मीटरभर उंच, दहा-बारा किलो वजनाचा हा पक्षी उडतो तेव्हा त्याला समोरचं नीट दिसत नाही, कारण डोळे डोक्याच्या बाजूला असतात. विजेची तार त्याला दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत आणि बहुतेक राजस्थानात. तारा जमिनीखाली घालाव्यात यावर सर्वोच्च न्यायालयात २०२१ पासून आदेश आणि फेरविचार झाले, तेही राजस्थान-गुजरातपुरते. नान्नजचा माळ आज जवळजवळ त्याच्याविना आहे.

पण माळ रिकामा नाही. आज पहिल्या अर्ध्या तासात काळविटांचा कळप दिसला, पिळदार शिंगांचा काळा नर कडेला एकटा उभा. चंडोल उभा वर उडून हवेतच गात राहिला. भोवत्या पक्षी गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून फेऱ्या घालत होता. हा शिकारी पक्षी थंडीत मध्य आशियातून इथे येतो, आणि त्याला इथवर आणतं ते हेच गवत आणि त्यातले नाकतोडे. शेठच्या भाच्याने विचारलं, “एवढंसं गवत बघायला तो एवढ्या लांबून येतो?” वनरक्षक म्हणाले, “त्याच्या डोळ्यांनी बघ.” पोरगा दुर्बिणीला डोळे लावून बराच वेळ गप्प उभा राहिला.

गवताचीही ओळख करून देतो. पवन्या, मारवेल, कुसळी. कुसळ मोज्यातून आत शिरतं आणि संध्याकाळपर्यंत टोचत राहतं. मुरमाड जमीन, खाली काळा बेसॉल्ट, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. एवढ्यावर मोठी झाडं तगत नाहीत, म्हणून इथे गवत आहे. हजारो वर्षांत ठरलेली ही व्यवस्था आपल्याला समजायला उशीर झाला. झाड लावणं म्हणजे पुण्य, या समजुतीने माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली. उघड्यावर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला ती अडचणच होती. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत असे कितीतरी माळ आजही नोंदलेले आहेत. एकदा तशी नोंद झाली की ती जमीन कशालाही देता येते, कारखान्याला, सौर पॅनेलना, कचऱ्याच्या डेपोला. मला याचं फार वाईट वाटतं आणि मी ते प्रत्येक गटाला सांगतो.

सकाळी १०.३०

वडाळ्याच्या अलीकडे ओळखीच्या शेतावर हुरडा. आगटी पेटली होती, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ज्वारीची हिरवी कणसं. कणीस बाहेर काढायचं, गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून भूस उडवायचं आणि दाणे तोंडात. सोबत शेंगा चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. ज्यांच्या शेतावर आम्ही थांबतो त्या मावशी पैसे घ्यायला तयार नसतात. मी दर आधी ठरवून घेतो आणि हातात देतो. रानात राबणाऱ्याच्या पाहुणचाराचा शहरातल्या माणसाने फायदा घेऊ नये.

“खा ओ अजून, सायकल काय पळून जातीय?” मावशी वाढतच होत्या.

या ज्वारीलाही माळाचाच स्वभाव आहे. मालदांडी ही आमच्याकडची रब्बीची जात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून पुढे आणलेली. परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत मुरते, तिच्यावरच ती पोसते, वरून पाणी नाही मिळालं तरी कणीस भरते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आणि याच भागात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या द्राक्षांच्या जाती शोधून काढल्या, ज्या पुढे राज्यभर लागल्या. कोरडवाहू ज्वारी आणि द्राक्षबाग शेजारी शेजारी आहेत. बागेसाठी बोअर किती खोल गेलं हे विचारलं की शेतकरी हसून विषय बदलतात.

दुपारी १२.००

दोन तास सक्तीची विश्रांती, लिंबाच्या झाडाखाली. काकांना पुढे निघायची घाई होती. थांबवलं. डिसेंबरचं ऊन सौम्य वाटतं, तरी उघड्या माळावर सावली नसते आणि वाऱ्यामुळे घाम अंगावर राहत नाही, त्यामुळे पाणी कमी झाल्याचं समजत नाही. डोकं दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. प्रत्येकाने अर्धा लिटर पाणी मीठ-साखर-लिंबू घालून माझ्यासमोर प्यायचं, हा नियम आहे.

दुपारी २.१५

मार्डीच्या वाटेवर पंक्चर. सराट्याचा काटा. सराटा आडवा पसरतो, त्याची पिवळी फुलं सुंदर दिसतात आणि सुकलेल्या फळाचा एक तरी काटा नेहमी वर तोंड करून असतो. सायकल रस्त्यावरून कडेला मातीत उतरवली की तो लागलाच. धाकट्या मॅडमनी स्वतः चाक काढलं. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, नाहीतर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते. त्यांनी शोधला, चिमट्याने ओढून काढला, ट्यूब घातली, पंपाने हवा भरली. बाकीचे नुसते बघत उभे होते. किनाऱ्यावर गटातल्या प्रत्येकाला हे एकट्याने करता यायला हवं, म्हणून मी हात लावत नाही.

मार्डीत यमाईचं दर्शन घेतलं, देवळाशेजारी बाटल्या भरल्या आणि दक्षिणेकडे वळलो.

आता वारा डाव्या बाजूने. सकाळची युक्ती इथे चालत नाही, हे मुद्दाम थांबून समजावलं. वारा डावीकडून असला की आडोसा उजवीकडे पडतो, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे, वाहनांच्या बाजूला. आडोशाच्या लोभाने तिकडे सरकायचं नाही. सगळ्यांनी एकाच रांगेत, कडेने, आणि आपापला वारा आपण खायचा. शेवटचे पंधरा किलोमीटर त्यामुळे सकाळच्या पंधरापेक्षा कष्टाचे झाले. काकांचा वेग उतरला तसा सगळ्यांनी उतरवला. गट सर्वांत हळू माणसाच्या वेगाने चालतो.

संध्याकाळी ५.००

शहरात शिरलो. निरोप. उजेड असताना घरी पोहोचणं हा माझ्या वेळापत्रकातला न बदलणारा भाग आहे, कारण सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि उसाच्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत. घरी येऊन सायकल पुसली, चेन रॉकेलच्या फडक्याने साफ केली, मोज्यातली कुसळं वेचली.

रात्री ८.००

जेवण झाल्यावर दिवसाचं दुसरं अर्धं काम. जमिनीवर किनाऱ्याचा नकाशा पसरून गटासाठी टिपण लिहायला बसलो.

आधी वाराच. हिवाळ्यात कोकणात सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून येतो. म्हणून वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे धरायची, दुपारचा वारा पाठीशी राहतो. अलिबागहून निघून मुरुड. आगरदांडा ते दिघी फेरीबोट. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडला ते वेसवी पुन्हा बोट. केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ. दाभोळ ते धोपावे बोट, मग गुहागर, हेदवी. तवसाळ ते जयगड बोट आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. नकाशावर हा किनारा सरळ वाटतो. प्रत्यक्षात दर काही किलोमीटरवर खाडी आहे. रस्ता समुद्रसपाटीला उतरतो आणि लगेच शे-दीडशे मीटर चढतो, पुन्हा उतरतो, पुन्हा चढतो. सोलापूरच्या माणसाचे पाय वाऱ्याला तयार असतात, या चढांना नसतात. म्हणून रोजचं अंतर मी इथल्यापेक्षा कमी ठेवलंय, साठच्या वर नाही, आणि प्रत्येक बोटीसाठी एक तास धरलाय.

चढ चढून वर गेलं की सडा लागतो. जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार, झाड नाही, वारा मोकळा, खाली समुद्र. सोलापूरकर तिथे पोहोचला की त्याला घरी आल्यासारखं वाटतं, हे मी दरवेळी बघतो. पावसाळ्यात त्या कातळावर बोटभर मातीत फुलं येतात. आणि याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत : कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांबीचा, त्याच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी अशी ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यापूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, सड्याकडे पाहायची नजर नान्नजच्या माळाकडे पाहायच्या नजरेसारखीच आहे. काही उगवत नाही, मग खाण काढा नाहीतर कारखाना आणा. टिपणात मी कशेळीला अर्धा दिवस दिलाय. रत्नागिरीनंतरच्या त्या दिवसाला किलोमीटर फक्त पस्तीस.

शेठच्या भाच्याचा निरोप आला होता : ही वाट सगळ्यांना कळेल अशी जाहीर का करत नाही? त्याला उत्तर लिहिलं. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्र आणि ओलसर माळरान यांच्या मधून, २०१५ साली साधारण आठशे तीस किलोमीटरचा एक वळसा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने जाहीर झाला. ॲपलक्रॉसकडे जाणारा तिथला घाट समुद्रकाठून ६२६ मीटरपर्यंत चढतो. सायकलस्वारांसाठी ती केवढी मोठी गोष्ट. पण नाव झालं तशा मोटारी आणि घरगाड्या इतक्या आल्या की एकेरी रस्त्यांवरच्या गावकऱ्यांना स्वतःच्याच कामाला निघणं अवघड झालं. म्हणून मी सहाहून मोठा गट घेत नाही आणि माळावरच्या घरट्यांच्या जागा कुणालाच सांगत नाही. रस्ते मात्र सगळ्यांचे आहेत, ते मी आनंदाने सांगतो.

रात्री ९.३०

उद्याच्या गटाला निरोप पाठवला आणि तोच तुम्हालाही सांगतो. माळ बघायचा तर फेब्रुवारी सरायच्या आत या, गवत तोवर उभं असतं. उजाडायच्या आधी निघा, मागे लाल दिवा लावा, पाणी आणि ट्यूब स्वतःची आणा. हुरड्याचे पैसे द्या. नान्नजला चौकीवर नोंद करा आणि आत वनरक्षकांसोबत पायीच जा. सायकल डांबरी रस्त्यावरच ठेवा. आणि तुमच्या गावाच्या ग्रामसभेत माळाची जमीन कशाला तरी द्यायचा विषय निघाला, तर त्या दिवशी हजर राहा आणि तिथे काय काय राहतं ते उभं राहून सांगा.